अक्षरामागे चार पौंड

ग्रीनॉकच्या चढावर, बंद पडलेल्या लाँड्रीशेजारी
माझं दुकान आहे. कबरींचे दगड, नवे आणि दुरुस्तीचे.
अक्षरामागे चार पौंड, सोनेरी हवं तर सहा.
टिंबाचे पैसे मी घेत नाही.

नेटा गिलख्रिस्ट आली,
ओली छत्री तिनं माझ्या बादलीत उभी केली
आणि म्हणाली, "एक वी काम होतं."

आमच्याकडे कुठलंच काम मोठं नसतं.
वी म्हणजे इवलं, एवढंसं, चिमूटभर.
किटलीभर प्यायला तरी तो वी चहा.
दंतवैद्य म्हणतो, आता एक वी कळ येईल,
आणि आपण खुर्चीचे हात उपटायच्या बेतात असतो.
गोदी बंद झाली त्या शुक्रवारी
फोरमन टोपी काढून म्हणाला होता,
पोरांनो, वी बोलायचंय जरा.
सहाशे माणसं उभी होती, जेवणाचे डबे न उघडलेले.

तिनं पाकिटाच्या पाठीवर लिहून आणलं होतं:
वी शूग गिलख्रिस्ट.
खाली दोन साल, मध्ये रेघ.

आता शूगला मी ओळखत होतो.
सहा फूट चार इंच. दारातून
आधी वाकलेली मान आत यायची, मग तो.
त्याच्या एका बुटात मांजर व्याली होती,
चारही पिल्लं मावली.
त्याला न्यायला सहाच्या जागी आठ खांदे लागले,
आठवा माझा. अजून ठणकतो.

"नेटा," मी म्हटलं, "बघ हं,
शंभर वर्षांनी कुणी वाचेल
तर म्हणेल, इथं लेकरू पुरलंय."

"वाचू दे की," ती म्हणाली.
"त्याचा बाप होता थोरला शूग,
उंची पाच फूट तीन.
तो बोटीवरून गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा.
पण कुणी याला नुसता शूग म्हटलं नाही,
बाप परत यायचाय अशी जागा राखून ठेवली
सत्तर वर्षं, गल्लीतल्या सगळ्यांनी,
खाटकानं, पाद्र्यानं, मी."

मग ती खिडकीतल्या नमुन्याच्या देवदूताकडे बघत राहिली.
त्याचं नाक तुटलंय, म्हणून तो विकला जात नाही.

"डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या," ती म्हणाली.
"पहिल्यांदा म्हणाल्या,
फुप्फुसावर एक वी सावली दिसतेय, मिस्टर गिलख्रिस्ट.
हा हसला. परतताना आम्ही मासे खाल्ले, व्हिनेगर मारून.
दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, सावली.
नुसतंच सावली.
याने कोट घातला. एक बाही सापडेना त्याला.
बसमध्ये आम्ही दोघंही बोललो नाही.
वी गेला होता ना त्यातला."

मी पेन्सिल कानामागून काढली,
मग पुन्हा कानामागे ठेवली.

"किती होतील त्याचे?"
"तीन अक्षरं, बारा पौंड."
"वी सूट?"
"टिंब असतं तर सोडलं असतं."
तिनं पर्समधून नाणी मोजली, बारा,
एकेक, टेबलावर, जशी पत्त्यांची पानं मांडतात,
आणि छत्री विसरून गेली.

रात्री दगडावर आखायला बसलो.
इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर डब्ल्यू.
चार तिरके घाव, दोन दऱ्या,
माझ्या सव्वीस अक्षरांत सगळ्यांत रुंद.
दोनदा आखलं, दोनदा पुसलं.
एका ओळीत काही केल्या बसेना.

शेवटी वीला हवी तेवढी जागा दिली
आणि गिलख्रिस्ट
जरा लहान केलं.